लांबलेला मुक्काम

आमचे खापा हे गाव नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी आहे. नदीचे पाणी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात कमी होते. पण वाहते मात्र एकाच दिशेने. समुद्राचे पाणी मागे जाते आणि पुन्हा परत येते, हे मी पुस्तकात वाचले होते. तरीही ते खरे वाटत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत मी अम्मीबरोबर डहाणूला नानीकडे गेलो. डहाणू हे महाराष्ट्राच्या अगदी उत्तरेकडचे, समुद्रकाठचे गाव. तेथून गुजरातची सीमा जवळच आहे. आम्ही चार दिवसांसाठी गेलो होतो. पण परतीच्या आदल्या दिवशी नानी अंगणात घसरून पडली. तिच्या पायाचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले. अम्मी म्हणाली, "सुरतहून खाला येईपर्यंत आपल्याला इथेच राहावे लागेल."

मी हिरमुसलो. समुद्र तर पाहून झाला होता! आता येथे आणखी काय पाहायचे, असे मला वाटले.

चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी मी आणि मामूची मुलगी, माझी आपा, किनाऱ्यावर गेलो. पाहतो तो काय, समुद्र खूप दूर गेला होता! आधी जेथे लाटा होत्या, तेथे ओली, चमकणारी वाळू पसरली होती. आम्ही चपला सुरूच्या झाडाखाली ठेवल्या आणि धावत सुटलो. वाळूत छोटे खेकडे होते, रंगीत शिंपले होते. शिंपले वेचता वेचता आम्ही वाळूच्या एका उंचवट्यावर जाऊन पोहोचलो.

"अरे, मागे बघ!" आपा एकदम ओरडली.

मी वळून पाहिले. पाणी समोरून येत होते, हे दिसत होतेच. पण आमच्या मागच्या सखल वाळूतही ते भरले होते. आमच्यात आणि किनाऱ्यात आता पाणी होते. सूर्य मावळत आला होता. आम्ही पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होते. दहा पावलांवर ते कमरेपर्यंत आले. पायांखालची वाळू सरकू लागली. आपाने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली, "तिकडून नको! उजवीकडे वळा, उजवीकडे!"

एक म्हातारे मच्छीमार काका पाण्यातून आमच्याकडे येत होते. त्यांनी आम्हां दोघांचे हात धरले आणि जरा लांबच्या, पण उथळ वाटेने आम्हांला किनाऱ्यावर आणले. माझे पाय थरथरत होते. शिंपले कधी हातातून पडले, ते कळलेच नाही.

काका रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "आज तिथी कोणती?"

मी म्हणालो, "तिथी ठाऊक नाही, काका. पण आज चांदाची बारावी तारीख आहे."

ती मला ठाऊक होती, कारण नानी दर महिन्याला तेरा, चौदा आणि पंधरा तारखेला रोजे ठेवते. या वेळी औषधांमुळे रोजे चुकणार, म्हणून ती सकाळीच हळहळत होती.

"चांदाची बारावी म्हणजे तिथी त्रयोदशी," काका म्हणाले. "बहुधा एका दिवसाचा फरक असतो. आता सांग, तेराचे पाऊणपट किती?"

मी वाळूवर बोटाने हिशेब केला. "पावणेदहा."

"पावणेदहाला भरती पूर्ण झाली. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे किती वाजता?"

"चार वाजता."

"चारनंतर पाणी परत फिरते. तुम्ही वाळूवर किती वाजता उतरलात?"

"साडेचारला," मी खाली मान घालून म्हणालो.

काका पुढे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझ्या आजोबांकडे घड्याळ नव्हते. पण त्यांना पाऊणकी पाठ होती, आणि चंद्र तर सर्वांचाच आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी वहीत वेळा लिहू लागलो. हिशेबाने ओहोटी पावणेपाचला होती. आम्ही काकांबरोबर गेलो आणि पाण्याच्या कडेला काठी रोवली. पाणी खरोखरच त्या सुमारास थांबले आणि मग पुढे येऊ लागले. तिसऱ्या दिवशी ओहोटी साडेपाचच्या सुमारास आली. रोज पाऊण तास किंवा त्याहून थोडा जास्त उशीर! पौर्णिमेजवळ पाणी फार पुढे येई आणि फार मागे जाई. त्याला 'उधाणाची भरती' म्हणतात, असे काकांनी सांगितले. अष्टमीच्या सुमारास पाण्याची ये-जा कमी असते; ती 'भांगाची भरती'. आमचे पहिले चार दिवस भांगाचे होते. म्हणूनच समुद्र इतका मागे जातो, हे मला कळले नव्हते.

एका सकाळी मामूने आम्हांला बहारोटच्या डोंगरावर नेले. उभी चढण चढून आम्ही लेण्यांपर्यंत पोहोचलो. फार पूर्वी संजाणवर हल्ला झाला, तेव्हा पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी येथे आणला आणि बारा वर्षे जपला, असे परंपरा सांगते. तो अग्नी आज गुजरातमधील उदवाडा येथे आहे. त्यांचा मुक्काम बारा वर्षांचा! माझा मुक्काम दहा दिवसांनी लांबला, तर मी हिरमुसलो होतो, याची मला लाज वाटली.

खाप्याला परतल्यावर मी वही सरांना दाखवली. सर म्हणाले, "चंद्राच्या आणि सूर्याच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण येते. पण तुझा हिशेब ढोबळ आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि तेथील माणसांना विचारावे."

त्या संध्याकाळी मी कन्हानच्या घाटावर बसलो. हे पाणी वैनगंगेला मिळते आणि पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. आकाशात उतरता चंद्र उगवला होता. मी तारीख मोजली, पाऊणपट केली आणि मनात म्हणालो, "डहाणूला आता पाणी परत फिरले असेल."

शब्दार्थ
हिरमुसणे – नाराज होणे. सखल – खोलगट. उथळ – कमी खोलीचे. पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग. पाऊणकी – पाऊणपटीचा पाढा. ढोबळ – अंदाजाचा.

स्वाध्याय
१. लेखकाचा मुक्काम का लांबला?
२. वाळूच्या उंचवट्यावरून परतताना मुले संकटात का सापडली?
३. तिथी अष्टमी असेल, तर भरती व ओहोटी साधारण किती वाजता पूर्ण होईल?
४. आज चांदाची कोणती तारीख आहे? त्यावरून भरतीची वेळ काढा.