अवर्षणात तगणारी ज्वारी कशी ओळखावी

रब्बी ज्वारीचा पाण्याशी असलेला व्यवहार इतर बहुतेक पिकांहून निराळा आहे. सोलापूर, बार्शी, मंगळवेढा या भागांत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरत असताना पेरली जाते. तिची पुढील वाढ मुख्यत्वे काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर होते. ही ओल म्हणजे मोजून दिलेला शिधाच. तीत पुढे भर पडण्याची आशा थोडी. दाणा भरण्याच्या सुमारास ती संपली तर कणीस पोचट राहते. ज्यास शेतकरी खडखड्या म्हणतात तो रोग याच वेळी बळावतो, धांडा आतून सडून मोडतो, आणि माणसांचे धान्य व जनावरांचा कडबा ही दोन्ही एकदमच हातची जातात.

अशा स्थितीत तग धरणारा वाण ओळखावयाचा कसा? 'तग धरणे' हा शब्दप्रयोग आपण सैलपणे करतो. शास्त्रज्ञ त्यात दोन गोष्टी वेगळ्या मानतात. लवकर पक्व होणारा वाण ओल संपण्यापूर्वीच मोकळा होतो. हे अवर्षण चुकविणे झाले, सोसणे नव्हे. म्हणून एकाच सुमारास फुलोऱ्यावर येणाऱ्या वाणांचीच परस्परांशी तुलना करावी लागते. प्रत्येक वाण दोन तुकड्यांत पेरतात: एकास पाण्याच्या पाळ्या नियमित, दुसऱ्याचे पाणी फुलोऱ्याच्या सुमारास बंद. उत्पन्नात घट किती झाली एवढेच पाहून मात्र भागत नाही. मुळातच कमी पिकणाऱ्याची घटही पुष्कळदा कमीच दिसते, आणि असा वाण शेतकऱ्याच्या काय कामाचा?

दुसरी खूण पानांची. इथिओपियातील स्थानिक ज्वारीपासून निघालेल्या 'बी 35' या वाणाची पाने दाणा भरत असतानाही, पाणी कमी पडूनही, हिरवी राहतात. अशा वाणांत फुटवे व पर्णसंभार बहुधा बेताचा असतो. फुलोऱ्यापूर्वी पाणी कमी खर्च होते आणि वाचलेली ओल कणसाच्या कामी येते. पण ही खूण फसवीही आहे. ज्या ताटास दाणे थोडे, त्याच्या पानांतील नत्र दाण्यांकडे फारसा ओढलाच जात नाही, आणि तेही हिरवेगार दिसते. तेव्हा पान पाहताना कणीसही हातात घेऊन पाहिले पाहिजे.

मोहोळ येथे 1930 नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'मालदांडी 35-1' हा वाण टपोऱ्या, चमकदार दाण्यांमुळे आणि चांगल्या कडब्यामुळे दीर्घकाळ टिकला. तथापि कोणताही वाण सर्वच जमिनींत सारखा तगत नाही. जमिनीची खोली किती, यावर तीत साठणारी ओल ठरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने म्हणूनच हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वेगवेगळे वाण दिले. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानांत मात्र मालदांडीचे स्थान कायम राहिले. तेथील ज्वारीस 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.