कपोतवर्णाचे चित्र

सज्जनहो, मागे आर्वीकडच्या एका गावी सप्ताह होता. रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर पोरांनी देवळाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि ‘संत तुकाराम’ लावला. चित्रपट १९३६ सालचा, काळापांढरा, मधूनमधून खरखरणारा. मला वाटले, दहा मिनिटांत मंडळी पांगतील. पण कोणी उठले नाही. एका मुलाने मात्र मला विचारले, “महाराज, याले रंग नाही, तरी डोळ्यात पाणी काऊन येते?” उत्तर तेव्हा सुचले नाही, ते आता देतो.

भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितला : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेष, अलंकार, रंगरंगोटी हे सारे आहार्यात येते. तेव्हा रंग गेला तर चारांपैकी एकाचा तुकडा गेला, बाकी ठेवा जागच्या जागी. शिवाय नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला वर्ण दिला आहे. शृंगार श्याम, रौद्र तांबडा, आणि करुण कपोतवर्ण, म्हणजे पारव्याच्या पिसासारखा राखी! जुन्या फिल्मवर दुसरे काय असते? हा योगायोग आहे हे मला कळते, पण गोड आहे खरा.

आता त्यातली आवली पाहा. पोर आजारी, घरात दाणा नाही. ती एका हाताने पोराला ओढीत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट विठोबापुढे जाब विचारायला उभी राहते. गौरीबाईंनी हे काम केले आहे. त्यात नटवेपणा नाही, आपल्या गल्लीतलीच बाई वाटते. विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. येथे ते स्वतःच्या गळ्याने गातात, आणि गाताना त्यांचे डोळे प्रेक्षकाकडे नसतात. सात्त्विक म्हणतात ते हेच. आम्ही कीर्तनकारांनी हे शिकावे. आमचे अर्धे लक्ष समोर किती मंडळी बसली इकडे असते.

चित्र काढणारे दामले आणि फत्तेलाल, एक हिंदू, एक मुसलमान, दोघे ‘प्रभात’चे. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास आली. मुंबईत हा चित्रपट ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेथल्या लोकांना ना मराठी ठाऊक, ना पंढरी. (गांधीजी आपल्या जिल्ह्यात शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, येऊन राहिले तेही १९३६ सालीच.)

पण एक सावधगिरी हवी, आणि ती मी स्वतः चुकून शिकलो आहे. या चित्रपटात बीज आणि वृक्ष यांचा दृष्टांत असलेले एक पद आहे. पंचविशीत असताना मी ते तुकोबांचा अभंग म्हणून निरूपणाला घेतले. टाळकरी रंगले, मीही रंगलो. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे माळकरी हळूच म्हणाले, “महाराज, हा गाथ्यातला कितवा अभंग हाये?” मी घरी येऊन गाथा पालथी घातली. पद नव्हतेच! ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचले, आणि चाल केशवराव भोळ्यांची. रचना इतकी तुकोबांच्या वळणाची की भलेभले फसले.

आणि गंमत अशी की याच चित्रपटात सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणून सांगतो आणि आपण त्याच्यावर चिडतो. मी उलट चोरी केली होती : आठवल्यांचे घेऊन तुकोबांच्या नावावर घातले. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तेव्हा वीणा गळ्यात असतानाच आधी हे सांगितले. म्हातारेबुवा पुढेच बसले होते. त्यांनी मान हलविली आणि म्हणाले, “आता म्हणा.”

पद आजही म्हणतो. आधी आठवल्यांचे नाव घेतो, मग चाल धरतो.