घरातील मांजर व त्याची निगा

विद्यार्थीहो, नाशकातील जुन्या वाड्यांत धान्याच्या कोठीजवळ जो प्राणी बहुधा न बोलाविता येऊन राहतो, त्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. कुत्रा आपण आणून पाळतो. मांजर पुष्कळदा स्वतःच घर निवडते. हजारो वर्षांपूर्वी धान्यामागे उंदीर आले व उंदरांमागे मांजर आले, तेव्हापासून ते मनुष्याच्या उंबरठ्याशी आहे.

त्याच्या या चाकरीचे मोल वऱ्हाडात एका डॉक्टराने जाणले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला व पुढे देशभर पसरला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनी १९०८ साली असे प्रतिपादिले की, ज्या गावात मांजरे पुष्कळ, तेथे प्लेगाचा उपद्रव कमी. कल्पना चतुर खरी. परंतु रोगी उंदीर खाऊन मांजरासही प्लेग होतो व त्याच्यापासून मनुष्यास होऊ शकतो, हे आता ठाऊक झाले आहे. उंदरांसाठी विष ठेविणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी: विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर तेही दगावू शकते.

मांजर आपल्या घरात राहते म्हणून ते आपल्यासारखेच आहे, असा समज करून घेणे हेच बहुतेक अनर्थांचे मूळ होय. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची म्हण सर्वांस पाठ आहे. परंतु आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांस दूध नीट पचत नाही व त्यांस हगवण लागते. स्वच्छ पाण्याची वाटी ही त्यांची खरी गरज. दूधभातावर वाढविलेले मांजर गुबगुबीत दिसले, तरी आतून उपाशी असते. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे बनत नाही. ते मांसामाशांतूनच मिळते. त्याचा दीर्घकाळ अभाव झाला असता दृष्टी जाते व हृदय दुर्बळ होते. हृदयावरील हा परिणाम १९८७ साली उघडकीस आला. म्हणून शिजविलेली, बिनकाट्याची मासळी किंवा कोंबडीचे तुकडे, त्यांच्या पाण्यासह द्यावे, कारण टॉरिन पाण्यात उतरते. अंडेही चालेल. काळीज आवडीने खाते, पण ते क्वचितच द्यावे. ज्या घरी मांस शिजत नाही, त्यांनी मांजरासाठीच तयार केलेले खाद्य आणावे.

मात्र ताटातील कालवण देऊ नये. कांदा ही आपल्या जिल्ह्याची दौलत. लासलगावचा बाजार त्यावर चालतो. तोच कांदा, कच्चा असो वा शिजलेला, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नासवितो. लसणाचेही तसेच.

औषधांच्या बाबतीत तर अज्ञान प्राणघातक ठरते. मांजर निपचित पडले की कनवाळू आई घरातील तापाची गोळी चुरून देते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे, कारण ती निर्विष करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार थोडी असते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते, तोही अपाय होय. ईस्टरच्या सुमारास लिलीची पांढरी फुले घरात आणणाऱ्या कुटुंबांना आमची विशेष विनंती आहे की, ती मांजरापासून दूर ठेवावी. त्यांचा पराग चाटल्यानेही मूत्रपिंडे निकामी होतात. असे काही घडल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे.

मांजरी पिल्ले सात घरी फिरविते, असे आजीबाई सांगतात. सात हा आकडा सोडून द्यावा. पण गलबला व माणसांची वर्दळ वाढली की ती जागा बदलते, हे खरे. तेव्हा आडोशाला एक खोके व जुने लुगडे ठेवून मुलांनी लांबूनच पाहावे. गर्भकाळ केवळ नऊ आठवड्यांचा असल्याने पिल्लांची संख्या हा हा म्हणता वाढते, आणि मग ती पोत्यात घालून गोदाकाठी सोडण्याचे क्रौर्य घडते. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन ज्यांस पाठ आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे. पशुवैद्याकडून वेळीच शस्त्रक्रिया करून घेणे हा यावर सरळ उपाय आहे.

आता पालकांसाठी एक गोष्ट. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, म्हणून त्यास दरवर्षी लस टोचवावी. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद किंवा चुना लावीत बसू नये. पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलास लस टोचून वाचविले, तेव्हापासून हा उपाय मनुष्याच्या हाती आहे. पण लक्षणे दिसू लागल्यावर तो चालत नाही. लाडके मांजर घरातून घालवितील या भीतीने मुले ओरखडा बाहीखाली लपवितात. तेव्हा मुलाने येऊन सांगितले असता त्याच्यावर रागावू नये, मांजरासही हाकलू नये. त्यास दहा दिवस घरीच नजरेखाली ठेवावे आणि मुलास डॉक्टर सांगतील तितक्या सर्व लसी वेळच्या वेळी द्याव्या.