मोटारीची इग्निशन कॉइल : परीक्षा व बदल

पावसाळ्यांत खोपोलीहून बोरघाट चढतांना पेट्रोलची मोटार गचके देऊं लागली, कीं आपण पेट्रोलास दोष देतों. कॉइलकडे लक्ष शेवटीं जातें. बॅटरीचे १२ व्होल्ट सहस्रावधि करून ठिणगी पाडणें हें तिचें काम. (डिझेलच्या ट्रॅक्टरांत ठिणगीच नसते, तेथें हा विचार नको.)

हल्लींच्या पुष्कळ मोटारींत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असते, हीच परीक्षेची सोय. स्कॅनरनें पी०३०२ दाखविलें तर दोष दुसऱ्या सिलिंडरांत. इंजिन बंद करून निवूं द्यावें, ती कॉइल तिसऱ्यावर बसवावी, जुनी नोंद पुसून गाडी चालवावी. आतां पी०३०३ आलें तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिलें तर प्लग, तारा व इंजेक्टर तपासावे. चालत्या इंजिनावरील कॉइल उपटून पाहण्याची खोड मात्र सोडावी. तो विजेचा धक्का भयंकर असतो.

बदलतांना बॅटरीची ऋण तार सोडवावी, जोडाची कळ दाबून तो काढावा, बोल्ट काढून कॉइल किंचित् फिरवीत सरळ वर ओढावी. प्लगच्या खोबणींत तेल वा पाणी दिसल्यास त्याचें मूळ आधीं बंद करावें. नाहीं तर नवी कॉइलहि तशीच जाईल. प्लग झिजून फट वाढली असल्यास तोहि बदलावा, कारण तिचा ताण कॉइलवरच पडतो. इंजिनाचा दिवा लुकलुकत असतां गाडी हाकीत राहिल्यास न जळलेलें पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतें, व त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते.