तांब्याच्या पत्र्यावरील कुडा आणि इट्टी अच्युतन वैद्य

मेळघाटातून आमच्या वसतिगृहात येणाऱ्या मुलांना कुड्याचे झाड ओळखून दाखवावे लागत नाही. आव झाली असता त्याची साल देतात, हे ती घरूनच शिकून येतात. याच कुड्याचे चित्र सतराव्या शतकात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले, असे सांगितले की मात्र वर्ग स्तब्ध होतो.

'हॉर्टस मलबारिकस' हा तो ग्रंथ. कोचीन येथील डच सत्तेचा प्रमुख हेन्द्रिक व्हान रेडे याने तो सिद्ध करविला आणि १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड निघाले. डचांचा हेतू परोपकाराचा नव्हता. ते व्यापारी होते. परंतु चित्रे विलक्षण आहेत. पूर्वीच्या औषधी-ग्रंथांतील लाकडी ठशांत रेषा उठावाची, म्हणून जाड येई. येथे तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार हत्याराने रेषा कोरली, खाचेत शाई भरली, वरचा भाग पुसला आणि ओलसर कागद त्यावर यंत्राने दाबला. त्यामुळे पानाची शीर न् शीर उमटली. अशी सातशेहून अधिक चित्रे आहेत आणि अनेकांवर रोमन, मल्याळम व अरबीसोबत नागरी अक्षरेही आहेत.

ही नागरी अक्षरे कोकणी भाषेतील होत. रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन ब्राह्मण वैद्यांचे १६७५चे साक्षपत्र पहिल्या खंडात आहे. त्याच खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचेही साक्षपत्र आहे. आम्हांस हे अधिक मोलाचे वाटते. अच्युतन हे आज इझवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अस्पृश्य लेखलेल्या समाजाचे. घराण्यात चालत आलेल्या ग्रंथांतून वनस्पतींची नावे व गुण आपण सांगितले, असे ते स्वतःच्या नावानिशी नोंदवितात. पुढे लिनियसने अनेक वनस्पतींचे नामकरण करताना याच चित्रांचा आधार घेतला. लिनियस पाठ्यपुस्तकात आला. अच्युतन आले नाहीत. त्यांच्याच समाजाला १९२४मध्ये वायकोम येथे मंदिरालगतच्या रस्त्यावरून चालण्यासाठी सत्याग्रहात उतरावे लागले, हे बाबासाहेबांच्या चळवळीच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच.

आमचे विद्यार्थी वनस्पती वाळवून वहीत चिकटवितात. खाली शास्त्रीय नाव, स्थळ, दिनांक लिहितात. अलीकडे आम्ही आणखी एक रकाना आखून घेतो : 'ही वनस्पती कोणी ओळखून दिली ?' तेथे बहुधा आजीचे नाव असते, आणि ते पूर्ण नाव विचारण्यासाठी मुलाला सुटीत घरी जाईपर्यंत थांबावे लागते.