तरुणपणी खुबा दुखला तर रक्त तपासा

सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूर, चोपडा, यावल आणि पश्चिमेला साक्री. या पट्ट्यात विशी-तिशीतला माणूस खुबा दुखून लंगडू लागला की ओझ्यानं हाड झिजलं किंवा वात धरला, असं म्हणून घरोघर तेलमालीश सुरू होते. माझं म्हणणं आहे की इथं, विशेषतः भिल्ल आणि पावरा कुटुंबांत, त्या दुखण्याचं कारण आधी रक्तात शोधावं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. त्या तुंबल्या की गोळ्याचा काही भाग मरतो आणि अंगाच्या भारानं खचतो. सत्तरीत यायचं सांध्याचं म्हातारपण मग पंचविशीतच येतं, आणि त्याचं मूळ आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकात असतं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. ते बऱ्याच अंशी खरं आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन इथल्या रुग्णांत मोठेपणीही बरंच टिकून राहतं, त्यामुळे पेशी कमी वाकतात. पण त्यानं खुबा वाचतोच असं नाही. ज्यांचं हिमोग्लोबिन तुलनेनं चांगलं, त्यांचं रक्त दाट असतं आणि त्यांनाही हा धोका राहतो. ‘एक्स-रे तर साफ आला’ हा दुसरा आक्षेप. सुरुवातीच्या महिन्यांत तो साफच येतो. तेव्हाची इजा एमआरआयमध्ये दिसते. याच काळात झटपट आराम म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं दिली जातात, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. स्टेरॉइडमुळे निरोगी माणसाच्या खुब्याचा गोळाही मरू शकतो.

आनुवंशिक आहे म्हणून हात टेकायचं कारण नाही. हायड्रॉक्सियुरियानं वेदनेचे झटके कमी होतात. खानदेशच्या उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या रुग्णानं तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहावं. एकाच पालकाकडून जनुक मिळालेला वाहक सहसा निरोगी असतो, त्याला नावं ठेवू नयेत. मात्र दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी मागा, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी एचपीएलसी चाचणी करून घ्या, आणि लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडचे अहवाल पाहा.