वॉल्व्ह बदलल्यावर टाकळ्याची भाजी चालते का?

प्रश्न : सासूबाईंचा (वय ५२) हृदयाचा वॉल्व्ह बदलून सहा आठवडे झाले. धातूचा बसवलाय. घरी सोडताना 'पालेभाजी जपून' असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही ती बंदच केली. आता पाऊस लागला, बांधावर टाकळा, कुर्डू उगवलंय आणि त्या ऐकत नाहीत. पालेभाजीचा आणि हृदयाचा संबंध काय? आणि यंदा त्यांना लावणीला उतरता येईल का?
— एक वाचक, रिहे (ता. मुळशी)

उत्तर : भाजीच्या बाबतीत सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे. लावणीचं मात्र यंदा विसरायचं.

धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते, पण रक्ताला ती परकीच. तिच्यावर गुठळी धरू शकते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू, जागीच वाढली तर झडप जाम. म्हणून ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनसारखी 'रक्त पातळ करायची' गोळी जन्मभर घ्यावी लागते. यकृत 'के' जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं. गोळी नेमका त्या कामात खोडा घालते. आणि हिरव्या पानांत हेच 'के' भरपूर असतं.

या औषधाचं मूळ गुरांच्या चाऱ्यात आहे, हे रिह्यात वाचताना गंमत वाटेल. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात खराब झालेला 'स्वीट क्लोव्हर'चा वाळका चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्यावरून बनलेलं वॉर्फरिन १९४८ साली आधी उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. असं औषध कमी पडून चालत नाही आणि जास्त झालेलंही चालत नाही.

गोळीचा रक्तावरचा परिणाम मोजायची तपासणी म्हणजे आयएनआर. गोळी न घेणाऱ्याचा आकडा साधारण १. महाधमनीची झडप बदलली असेल तर बहुधा २ ते ३ आणि मायट्रल असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. सासूबाईंचा नेमका आकडा फाईलमध्ये असेल; नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता टाकळा. पालेभाजी बंद करू नका, ती जवळपास सारख्या प्रमाणात खाऊ द्या आणि त्या खाण्यावर गोळीचा डोस डॉक्टरांना बसवू द्या. गडबड होते ती चढउतारात. उन्हाळाभर पिठलं-उसळ आणि पाऊस लागला की पंधरा दिवस रोज रानभाजी, असं झालं की आयएनआर घसरतो. उलट श्रावणातले कडक उपास, जुलाब, एखादं अँटिबायोटिक यांनी तो वर चढू शकतो. तुम्ही भाजी बंद केली तेव्हाचा डोस त्या बंदीवरच बसलाय. म्हणून भाजी थोडी थोडी सुरू करा, पण आधी डॉक्टरांना कळवा आणि आठवड्याभरात रक्त तपासून घ्या. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ही सगळी माहिती बहुतेकदा घरी सोडायच्या दिवशी, बिलाच्या धावपळीत, मुलाला किंवा सुनेला सांगितली जाते. गोळी जिच्या पोटात जायची ती बाई बाकावर बसून असते आणि फाईल इंग्रजीत. जर्मनीत हजारो रुग्ण रीतसर वर्ग करून बोट टोचून घरीच आयएनआर मोजतात, डोसही स्वतः ठरवतात. आपल्याकडे ते यंत्र आणि त्याच्या पट्ट्या महाग पडतात. पण शिकायला यंत्र लागत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर सासूबाईंनाच बोलू द्या : गोळी कोणती, किती, केव्हा, विसरली तर काय. (त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही.) त्यांना सांगता आलं, तरच शिकवणं झालं. घरी भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज गोळी घेतल्याची खूण आणि तपासणीचा आकडा त्यांनीच मांडावा. अक्षरओळख नसली तरी आकडे बहुतेकींना येतात. नवं पाकीट आणलं की मिलिग्रॅमचा आकडा जुन्याशी ताडून पाहा. ही गोळी १, २, ३, ४ अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते.

गावाकडचे दोन धोके. अंग दुखलं की कमरेत सुई घ्यायची सवय : या गोळीवर असताना स्नायूत रक्त साकळू शकतं, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. दवाखान्यात शिरताच 'वॉल्व्ह बदललाय, रक्ताची गोळी चालू आहे' हे त्यांनीच सांगायचं. (संधिवाताच्या तापासाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर ते परस्पर बंद करू नका, सर्जनना विचारा.) दुसरा धोका मिशरी. हिरड्या खराब झाल्या की तोंडातले जंतू रक्तात उतरून नव्या झडपेवर बसतात. मिशरी सोडायचीच. दात काढण्याआधीही अँटिबायोटिकचा डोस लागतो, तो दंतवैद्याला आठवणीने मागावा.

लावणी का नाही? छातीचं हाड चिरून तारेने बांधलंय. ते सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर दोन-तीन किलोंपेक्षा जड उचलू नये. पाण्याने भरलेला हंडा तर दहा-पंधरा किलोंचा. त्यात चिखलातली जखम, विळ्याचा घाव. रोज सपाट रस्त्यावर चालणं हाच त्यांचा यंदाचा व्यायाम. पुढच्या वर्षीचं इको पाहून डॉक्टर ठरवतील.

रात्री शांततेत झडपेची टिकटिक ऐकू येत असेल तर घाबरू नका. ती एकाएकी दबली आणि दम लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, काळी शौच झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि फाईल सोबत घ्या.